वाडं, पिंजर, आंबोण: जनावराचं पोट कसं सांभाळावं

आपल्या सीमाभागात दावणीत काय पडणार हे हंगाम ठरवतो. निपाणी-चिकोडीकडं ऊसतोड सुरू झाली की वाड्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे ढीग, खानापूरकडं सुगी उरकली की पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा. कालपर्यंत कडबा खाणारी म्हस आज पोटभर वाडं खाते, चार दिवसांत शेण पातळ होतं आणि आपण हवेला दोष देतो.

आधी पोट बघायला शिका. डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीमागं भकाळी असते. तिथं मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोनदा आतून पोट मुठीला ढकलतं. हे मंदावलं किंवा रवंथ थांबलं, तर काहीतरी बिघडलंय. दुपारी निवांत बसलेल्या जनावरांतली निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हवीत.

वैरण 10 ते 14 दिवसांत बदला. पहिले तीन-चार दिवस पाव हिस्सा नवी, मग निम्मी, मग पाऊण. कडब्यातला चोथा जनावराला स्वतःला पचत नाही. मोठ्या पोटातले जीवाणू तो आंबवतात. चोथ्यावर जगणारे वेगळे, धान्यावर जगणारे वेगळे. नव्या वैरणीचे जीवाणू वाढायला तेवढे दिवस लागतातच.

वाडं एकटं घालू नका. त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियम बांधून ठेवतं. सोबत कडबा द्या आणि मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण. वाडं फुकट मिळतं म्हणून खनिजाचे पैसे वाचवणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

पिंजर सुधारून घ्या. त्यात प्रथिनं फार कमी. 100 किलो पिंजराला 4 किलो युरिया 50-60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडा, तुडवून दाबा, ताडपत्रीनं हवाबंद झाका. 21 दिवसांनी उघडा. घालण्याआधी तासभर पसरून उग्र वास जाऊ द्या आणि थोड्यापासून सुरुवात करा. लहान वासरांना हे नको. युरियाच्या पाण्याची बादली गोठ्यात उघडी ठेवू नका. जनावरानं तोंड घातलं तर विषबाधा होते.

आधी वैरण, मागून आंबोण, म्हणजे पेंड-भरड्याचं खाद्य, तेही दोन-तीन वेळा विभागून. कुट्टी, म्हणजे वैरणीचे तुकडे, एक-दीड इंचाची ठेवा. भुगा केला की चावणं घटतं, लाळ कमी सुटते. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरवर लाळ गाळते, आणि पोटातलं आम्ल मारणारा सोडा त्या लाळेतच असतो.

पोळीला वैरणीसारखं चावणं लागत नाही. म्हणूनच कर्नाटकी बेंदराला, बैलांच्या सणाला, बैलाला पोळीचा घास मानाचा द्यावा, टोपली नव्हे. लग्नात उरलेला भात तर त्याहून वाईट: पोटात झपाट्यानं आम्ल होतं, जनावर दात खातं, शेणाला आंबूस वास येतो. अशा वेळी डॉक्टरांनाच बोलवा.

दंवात भिजलेला लसूणघास उपाशीपोटी खाल्ला तर पोट फुगतं. डावी भकाळी नगाऱ्यासारखी ताठली तर जनावराचे पुढचे पाय उंचवट्यावर घ्या आणि लगेच फोन करा. डॉक्टरांनी गोडेतेल पाजायला सांगितलं तर मान फार वर ओढू नका, तेल फुप्फुसात जातं.

राहिली कोवळी ज्वारी. पावसानं ताण दिलेली, खुरटलेली ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी घालू नका. किराळ, म्हणजे अशा ज्वारीची विषबाधा, लागली तर जनावर मिनिटांत आडवं होतं. घरगुती औषध शोधण्यात वेळ घालवू नका.