माझा शिक्रा पावशा निघाला

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्यात बरेच नवे पक्षीनिरीक्षक उगवतात. मीही तसाच उगवलो. साळुंकी, बुलबुल, दयाळ, वेडा राघू तुम्हाला ओळखता येतात असं धरून चालतो. माझी फजिती केली ती शिक्र्यानं, या छोट्या शिकारी पक्ष्यानं.

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाकडे उतरताना एका चिंचेवर तो बसला होता. पारव्याएवढा, वरून राखाडी, छाती तांबूस, शेपटीवर आडवे पट्टे. सातभाईंची टोळी त्याच्या नावानं कलकलाट करत होती. एवढे ओरडतायत म्हणजे शिकारीच असणार, असं म्हणून वहीत लिहिलं ‘शिक्रा’. थंडीत तो आणखी चार-पाचदा दिसला. दर वेळी शिक्राच. मेच्या शेवटी त्याच चिंचेवरून ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ सुरू झालं. आवाज चढत चढत पार फाटला. ही तर पावशाची हाक. दुर्बीण लावली, तर ओरडत होता माझा शिक्रा!

आता जरा लांबण लावतो, कारण इथं भलेभले घसरतात. पावशा कोकिळेच्या कुळातला. रंग, पट्टे, उडण्याची ढब, फांदीवर बसताना शेपटी हलवणं, सगळं शिक्र्यासारखं. लहान पक्षी त्यालाही घाबरतात. वर त्याची मादी अंडी घालते सातभाईंच्याच घरट्यात. म्हणजे माझा ‘पुरावा’ दोन्हीकडे लागू पडत होता. आणि थंडीत तो बहुतेक गप्प असतो, त्यामुळं आवाजाचीही मदत नाही.

म्हणून रंग सोडा, चोच बघा. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी वळलेली, मांस फाडायची. पावशाची सरळसर, टोकाशी किंचित झुकलेली, किडे-सुरवंट टिपायची. शिक्रा ताठ बसतो. पावशा बऱ्याचदा आडवा, पंख सैल सोडून. पाय दिसले तर प्रश्नच मिटला: पावशाची दोन बोटं पुढं, दोन मागं, शिक्र्याची तीन पुढं, एक मागं, आणि नख्या अशा की सरडा सुटणार नाही. पिल्लं मात्र दोघांचीही छातीवर ठिपक्यांची असतात, तिथं मी आजही अडखळतो.

आवाजावरून पक्षी ओळखून देणाऱ्या ॲपच्या नादाला सुरुवातीला लागू नका, हे माझं स्पष्ट मत. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो, साळुंक्या पळाल्या की त्यांचे किडे लाटतो. तिथं मोबाइल काय डोंबल सांगणार? मोठ्या लेन्सचीही घाई नको. फोटो काढायच्या नादात पक्षी बघायचाच राहतो. ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण आणि शंभर पानी वही पुरे.

आणि पटकन नाव सांगणारा गुरू धरू नका. मला मिरजेचे एक निवृत्त मास्तर भेटले. नाव विचारलं की म्हणायचे, ‘आधी तो काय करत होता ते सांग.’ राग यायचा. बाकीच्यांच्या याद्या शंभरावर गेल्या, मी चाळिसावर अडकलेलो.

चुका होणारच, त्यानं अंगाला भोकं पडत नाहीत. विणीच्या दिवसांत वंचकाची, म्हणजे तळ्याकाठच्या मातकट बगळ्याची पाठ गडद तांबडी होते, तेव्हा मी त्याला नवाच बगळा ठरवला होता. ठिपक्यांची कोकिळा तर जवळपास सगळ्यांनाच चकवते. फक्त चुकीची नोंद खोडरबरानं पुसू नका, बाजूला दुरुस्ती लिहा.

पावशाचं कळलं त्या संध्याकाळी मास्तरांकडे वही घेऊन गेलो. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी नोव्हेंबरचं पान काढलं आणि माझ्याच अक्षरातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: ‘शिक्रा. पानावरून केसाळ सुरवंट उचलून खाल्ला.’