ढेपेचं पोतं बाजूला ठेवा: गावरान कोंबड्यांसाठी घरचं सेंद्रिय खाद्य

खान्देशात ज्याच्या दावणीला म्हैस, त्याच्या घरात सरकीच्या ढेपेचं पोतं असतंच. कोंबड्या पाळायला घेतल्या की पहिला हात त्याच पोत्यात जातो. माझाही गेला होता. दीड-दोन महिने ढेप कुस्करून टाकली, कोंबड्यांनी ती आवडीने खाल्ली. मग व्याह्यांकडे तीन डझन अंडी पाठवली आणि आठवड्याने फोन आला, "अंडी जुनी होती का हो? बलक हिरवट निघाला."

अंडी ताजीच दिली होती. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाई-म्हशींच्या पोटात त्याचा जोर बराच मोडतो, कोंबडी आणि डुक्कर यांना मात्र ते बाधतं. बलकाचा रंग बिघडतो आणि अंडं ठेवून दिलं की तो जास्तच उठून दिसतो. दुसरी अडचण नियमाची आहे. २००२ साली बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या कापसाला परवानगी मिळाली, त्यानंतर आपल्याकडचा जवळपास सगळा कापूस बीटी झाला. सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय नियमांत जनुक बदललेल्या पिकाचं खाद्य चालत नाही. म्हणजे ढेप घातली की अंडं सेंद्रिय म्हणायचा हक्क तिथेच संपला. ढेप म्हशीला राहू द्या. कोंबड्यांसाठी खान्देशात दुसरं पुष्कळ आहे.

पहिलं काम: तोंडं मोजा, वजनकाटा आणा

दिवसभर शेतात-उकिरड्यावर चरणाऱ्या गावरान कोंबडीला वरचं खाद्य ४० ते ५० ग्रॅम पुरतं. बाकीचं ती किडे, गवताचं बी, सांडलेले दाणे यांतून भागवते. कोंडून ठेवलेली अंडी देणारी कोंबडी मात्र १०० ते १२० ग्रॅम खाते. म्हणजे चरणाऱ्या वीस कोंबड्यांना रोज साधारण एक किलो, आणि दहा किलोचा घाणा, म्हणजे एका वेळी कालवलेलं खाद्य, दहा दिवस जाईल. पहिल्या वेळी याहून मोठा घाणा करूच नका.

मूठ आणि ओंजळ हे माप इथे चालत नाही. मूठभर मका आणि मूठभर कोंडा यांच्या वजनात फार फरक असतो. साधा किराणा दुकानातला काटा पुरे.

माल कुठून आणायचा

खाद्याचे ढोबळ तीन भाग असतात: ताकदीसाठी धान्य, अंड्या-मांसासाठी प्रथिनं, आणि हाडं-कवचासाठी चुना-खनिजं.

धान्य म्हटलं की सगळे मक्याकडे धावतात. मका चांगलाच, पण २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आली आणि मक्यावर फवारे वाढले. फवारा न मारलेला मका हवा असेल तर पेरणीच्या वेळीच ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलून ठेवावं लागतं. त्यापेक्षा बाजरी आणि दादर सोपी. काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणाऱ्या दादर ज्वारीला फवाऱ्याची फारशी गरज पडत नाही. अर्थात दादर माणसांनी खायची गोष्ट आहे, तिच्या भाकरीवर कोंबडीचा हक्क सांगायची माझी हिंमत नाही. खळ्यावर चाळताना निघणारा बारीक, फुटका दाणा मागून घ्या. बाजरी घेताना कणसाच्या दाण्यांत काळपट, लांबट कण दिसले तर तो माल सोडा. तो अरगट रोग, आणि तो विषारी असतो.

प्रथिनांसाठी भुईमुगाची आणि तिळाची पेंड. लाकडी घाण्याचे तेल गाळणारे आता तालुक्याच्या गावी पुन्हा दिसू लागलेत. त्यांच्याकडे पेंड ताजी मिळते आणि शेंगा कुठून आल्या हेही विचारता येतं. जळगावला डाळमिलांची कमी नाही. तिथली तुरीची चुनी, म्हणजे डाळ करताना निघणारा चुरा-टरफल, ही आपल्या भागाची खरी दौलत. नवापूरकडे भात पिकतो, तिकडच्यांनी गव्हाच्या कोंड्याऐवजी भातगिरणीचं पॉलिश, म्हणजे तांदूळ पांढरा करताना निघणारा बारीक कोंडा वापरावा. फक्त त्यात तेल असतं, ते लवकर खवट होतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच आणा.

एवढे जिन्नस कशाला, नुसती शेंगदाण्याची पेंड का नाही? कारण प्रथिनंही एकजात नसतात. भुईमुगाच्या पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही दोन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, कमी पडतात. तिळात मेथिओनिन चांगलं आहे, तुरीच्या चुनीत लायसिन. तयार खाद्यात ही उणीव कारखान्यातल्या पावडरीने भरतात, सेंद्रिय पद्धतीत ती चालत नाही, म्हणून एकाची उणीव दुसऱ्याने भरायची. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद का दळतात, तेच इथे. आजीने अमिनो आम्लाचं नावही ऐकलं नव्हतं, पण जातं बरोबर फिरत होतं.

सोयाबीन घरचं असेल तर कच्चं कधीच घालू नका. कच्च्या सोयात प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं. ते भाजूनच घ्यायचं. एरंडीची पेंड तर खाद्याच्या खोलीतही ठेवू नका, ती विषारी आहे आणि खतासाठीच बरी.

वाळवणं: इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया

मी सगळ्यात महाग धडा इथे शिकलो. एका पावसाळ्यात स्वस्तात मिळाली म्हणून पेंडीची दोन पोती घेतली. वास किंचित कुबट होता, पण उन्हात टाकली की जाईल असं वाटलं. पंधरा दिवसांत निम्मी पिल्लं गेली. भुईमुगाच्या पेंडीवर आणि ओलसर मक्यावर जी हिरवी-पिवळी बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते कोंबडीचं यकृत खातं. उकळून, भाजून किंवा ऊन देऊन ते जात नाही, बुरशी दिसेनाशी होते आणि विष तसंच राहतं. कुबट वासाचा माल फुकट मिळाला तरी खड्ड्यात घाला.

मका साठवताना ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर नको. घरच्या घरी पाहायची युक्ती अशी: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मक्याचे दाणे आणि दोन चमचे अगदी कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा, मग दहा मिनिटं ठेवा. मीठ बाटलीला आतून चिकटलं तर दाणा ओला आहे, अजून ऊन द्या. मीठ सुटं खाली पडलं तर साधारण ठीक. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे, चेपता कामा नये. बाटलीची परीक्षा ढोबळ आहे, म्हणून ती पास झाल्यावरही मी आणखी दोन दिवस ऊन देतो.

दहा किलोचा घाणा

अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी मी हे प्रमाण धरतो: भरडलेला मका अडीच किलो, बाजरी किंवा ज्वारीचा भरडा २ किलो ७०० ग्रॅम, भुईमुगाची पेंड दीड किलो, तिळाची पेंड अर्धा किलो, तुरीची चुनी १ किलो २०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ८०० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा ७०० ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण ७० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. बेरीज बरोबर दहा किलो, आणि प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास. खनिज मिश्रणाच्या पाकिटावर मीठ आधीच घातल्याचं लिहिलं असेल तर वेगळं मीठ वगळा.

दोन महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना वेगळा घाणा लागतो. त्यांना प्रथिनं २० टक्के हवीत आणि चुना फार कमी. मोठ्यांचं शिंपलेवालं खाद्य पिल्लांना घातलं तर त्यांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. मका ४ किलो, बाजरी ८०० ग्रॅम, भुईमुगाची पेंड २ किलो २००, तिळाची पेंड ८०० ग्रॅम, चुनी आणि कोंडा वरीलप्रमाणेच, शिंपल्यांची पूड फक्त १०० ग्रॅम, खनिज आणि मीठ तेवढंच. पिल्लांचा भरडा रव्यासारखा बारीक ठेवा. मोठ्या कोंबड्यांचा जाडसर असावा, पीठ केलं तर चोचीला चिकटतं आणि निम्मं वाऱ्यावर जातं.

जिन्नस बदलले तर हिशेब कसा करायचा? कागदावर मधोमध हवा तो आकडा लिहा, १६. डावीकडे वर धान्याचं प्रथिन ९, खाली पेंडीचं ४२. आता तिरकी वजाबाकी: ४२ उणे १६ म्हणजे २६, हा धान्याचा भाग. १६ उणे ९ म्हणजे ७, हा पेंडीचा भाग. म्हणजे २६ भाग धान्य आणि ७ भाग पेंड. मग त्यातल्या थोड्या धान्याच्या जागी चुनी-कोंडा घाला.

कालवताना आधी मीठ, खनिज मिश्रण आणि शिंपल्याची पूड किलोभर भरड्यात नीट मिसळा, मग तो भरडा मोठ्या ढिगात. थेट ढिगावर मीठ भुरभुरलं तर एका कोंबडीला सगळं आणि दुसरीला काहीच नाही, असं होतं. ताडपत्रीवर फावड्याने ढीग तीनदा इकडून तिकडे उलटा.

हिरवं, मिरची आणि वाळवी

ज्वारी-बाजरी वाढवली की बलक फिका पडतो, कारण पिवळा रंग मक्यातून येतो. गिऱ्हाईक तर गावरान अंड्यात केशरी बलकच शोधतं. रोज थोडा शेवग्याचा पाला, लसूण घास किंवा मेथीची देठं टांगून ठेवा. नंदुरबारच्या मिरची बाजाराजवळ राहत असाल तर देठ काढताना निघालेली, बिनबुरशीची लाल मिरची दळून दहा किलोला ५० ग्रॅम घाला. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, आणि बलकाला रंग मस्त चढतो. शंका असेल तर स्वतः मूठभर कुटून पाहा, नाक तुमचं झोंबेल.

पिल्लांसाठी वाळवी धरा. जुन्या माठात फाटक्या गोणपाटाचे तुकडे, वाळलेलं शेण आणि कडब्याचा चुरा भरा, पाणी शिंपडून वारुळाजवळ माठ पालथा घाला. सकाळी माठ उलटून पिल्लांपुढे झटका. पिल्लं तुटून पडतात. हे घराच्या लाकडी खांबापासून लांब करा, हे सांगायला नको.

अझोलाचं कौतुक फार होतं. दोन मीटर बाय एक मीटरच्या खड्ड्यात जाड ताडपत्री, चाळलेली माती, शेणकाला आणि चार बोटं पाणी, एवढ्यावर तो फोफावतो. कोंबडीमागे २०-३० ग्रॅम ओला अझोला, स्वच्छ धुऊन. पण तो जवळपास सगळा पाणीच असतो, त्यामुळे पेंडीची जागा घेईल असं समजू नका. आणि भुसावळच्या मे महिन्यात उघड्यावर तो शिजतो. झाडाखाली किंवा शेडनेटमध्येच करा, नाहीतर पावसाळ्यापर्यंत थांबा.

डुकरं असतील तर

केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, निर्यातीत न बसलेली केळी ढिगाने पडतात. डुक्कर पिकलेली केळी आनंदाने खातं, कच्ची तुरट असतात, ती शिजवून द्या. केळीत प्रथिनं नगण्य असल्याने वाढत्या डुकरांना पेंड-चुनीचा घाणा हवाच. केळीच्या खांबाने, म्हणजे खोडाने, नुसतं पोट भरतं. हॉटेलचं उष्टं आणत असाल तर अर्धा तास उकळा आणि डुकराचं मांस असलेलं काहीही घालू नका. २०२० साली आफ्रिकन स्वाइन फिव्हर देशात आला, तो अशा उष्ट्यातून पसरतो. खारट उष्टं आणि पाण्याची कमतरता एकत्र आली तरी डुक्कर दगावतं. शिवाय उष्टं उकळून सेंद्रिय होत नाही.

साठवण आणि घालण्याची वेळ

भरडलेलं खाद्य उन्हाळ्यात महिनाभर, पावसाळ्यात पंधरा दिवस. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पोल्ट्रीवाल्याकडची वापरलेली पोती मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला आणि २०२१ साली पुन्हा आला. रोग पोत्या-बुटांवरूनही चालत येतो.

नवं खाद्य एकदम सुरू करू नका, आठ-दहा दिवसांत जुन्यात वाढवत न्या. सकाळी थोडं, संध्याकाळी खुराड्यात यायच्या वेळी जास्त. सकाळीच पोट भरलं तर कोंबडी चरायला जातच नाही. शिंपल्यांचा चुरा एका वाडग्यात वेगळाही ठेवा, जिला हवा ती खाते.

एकमेकींची पिसं टोचायला लागल्या तर बहुधा प्रथिनं किंवा मीठ कमी पडतंय, किंवा जागा दाटीची झालीय. कवच पातळ झालं तर शिंपले वाढवा. मात्र उन्हाळ्यात पारा फार चढला की कोंबडी धापा टाकते, कमी खाते आणि कवच तसंही पातळ होतं. त्या दिवसांत खाद्य पहाटे आणि दिवेलागणीला घाला, माठातलं गार पाणी दिवसातून तीनदा बदला. अंडी जून उजाडेपर्यंत कमीच मिळतील, तेव्हा व्याह्यांना आधीच कळवून ठेवा.