हेल्थ आयटी शिकायचंय? फी शासनाची, मेहनत तुमची

अमेरिकेने 2010 मध्ये 9 विद्यापीठांना निधी देऊन हेल्थ आयटीची, म्हणजे हॉस्पिटलच्या नोंदी संगणकावर सांभाळणारी, माणसं तयार करायला घेतली. नागपुरात वाट तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागते: पदवीची फी शिष्यवृत्तीतून, आणि हॉस्पिटलच्या नोंदींचं काम मोफत साहित्यातून.

संगणकाकडून येणाऱ्यांना 2 वर्षांचं एमसीए (संगणकातली पदव्युत्तर पदवी) सोयीचं. सीईटी द्या आणि प्रवेश कॅप फेरीतूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश) घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की महाडीबीटीची (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) शिष्यवृत्ती विसरा. अनुसूचित जातीसाठीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2.5 लाखांच्या आत लागतं, खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू योजनेत मर्यादा 8 लाख. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत, याच 8 लाखांच्या मर्यादेत, शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे. उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढा. निकाल लागले की सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

पैसे अडकतात ते बहुतेक आधारपायी. ‘बँकेत आधार दिलंय’ एवढ्याने भागत नाही. खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) यादीत आधारशी जोडलेलं लागतं. दोन बँकांत आधार दिलं असेल तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात, आणि पोरगं जुन्या पासबुकात शोधत बसतं. मायआधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव तिथेच दिसतं. पोस्ट मॅट्रिकमध्ये केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फी कॉलेजला भरायची असते, मोबाईल घ्यायला नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो.

आता खरं शिक्षण. केंद्राच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये पेशंटच्या नोंदी एफएचआयआर (उच्चार ‘फायर’) या मांडणीत जातात. पुण्याच्या सी-डॅकमधल्या एनआरसीईएसने (आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र) तिची भारतीय मार्गदर्शिका खुली ठेवली आहे. स्नोमेड सीटी या वैद्यकीय शब्दसंचाचा परवानाही भारतात मोफत मिळतो. सरावासाठी हापी फायर या मोफत सॉफ्टवेअरचा खुला टेस्ट सर्व्हर वापरा. तिथे एका काल्पनिक पेशंटची नोंद घाला. जन्मतारीख 05-06-1980 अशी लिहिली तर सर्व्हर ती परत पाठवेल. 1980-06-05 अशी लागते. ओपीडीच्या चिठ्ठीवर नुसतंच ‘वय 45’ असलं तर? जन्माचं नुसतं वर्ष चालतं. 1 जानेवारी ठोकून देऊ नका: पुढे त्याच माणसाची दुसरी नोंद जुळेनाशी होते. खऱ्या पेशंटची नोंद तर तिथे कधीच नको, तो सर्व्हर सगळ्या जगाला उघडा आहे.

मग कोडिंग, म्हणजे आजाराला ठरलेला कोड देणं. विदर्भात सिकलसेल समोर येणारच, त्यापासूनच सुरुवात करा. आयसीडी-10 या आजारांच्या जागतिक कोड-यादीत त्याचं घर डी57. रिपोर्टवर हिमोग्लोबिनचा एएस पॅटर्न (एक जनुक साधं, एक सिकलचं) असेल तर तो वाहक, कोड डी57.3. एसएस (दोन्ही सिकलची) असेल तर आजार: क्रायसिस (अचानक उठणाऱ्या तीव्र वेदनांसारखा झटका) असताना डी57.0, नसताना डी57.1. नवखा ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ एवढंच वाचून सगळ्यांना डी57.1 लावतो. ती चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते, म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसचा किंवा एचपीएलसीचा कागद हातात आल्याशिवाय कोड टाकू नका.