नव्या टॅटूची खाज कशी आटोक्यात आणली

टॅटू काढताना दुखलं ते सहन झालं, खरा छळ नंतरच्या खाजेने केला. आठवडा उलटता उलटता कातडी सुटायला लागली आणि नखं आपोआप तिकडे वळायची. पण खपली ओढली की शाईही निघते, डिझाइनमध्ये फिकट ठिपके पडतात.

उपाय साधाच निघाला. बिनवासाच्या सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवायचं, टॉवेलने न घासता स्वच्छ टिश्यूने टिपायचं आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी पातळ लावायचं. जाड थराने खपल्या ओल्या राहतात, कपड्याला चिकटतात. खाज अनावर झालीच तर स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ क्षणभर टेकवायचो. पोहणं बंद. (हेच पथ्य लोक सर्रास मोडतात.)

शाई बसते आतल्या थरात, डर्मिसमध्ये. सुटतं ते वरचं कातडं. म्हणून मध्येच टॅटू धुरकट दिसला तरी टच-अपसाठी धावू नका, ४-६ आठवडे थांबा. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर मात्र क्रीम बदलत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि लाल रंग घेतला असेल तर जास्त लक्ष ठेवा: ॲलर्जी त्याचीच अधिक आढळते, कधीकधी महिन्यांनंतरही.