झाडीपट्टीतलं नाटक पाहायला येताय? मग ही तयारी करून या

आधी तारीख ठरवा. भाऊबीज ते होळी हा आमच्या झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगल-धानाच्या मुलखाचा, नाटकांचा हंगाम. धान कापून बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या झाल्या की गावोगावी नाटकाचे मंडप उभे राहतात. कुठल्या गावात कोणतं नाटक आहे ते पुण्या-नागपुरात बसून कळणार नाही. सरळ गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा गाठा, म्हणजे देसाईगंज. नाट्यमंडळांची बुकिंग ऑफिसं तिथेच आहेत.

गावात ओळख असेल तर फोन करून ठेवा. नाटकाच्या दिवशी घरोघरी लेकी-जावई, सोयरेधायरे आलेले असतात; तुमचं एक पान जड होत नाही, तरी सांगून गेलेलं बरं. काही गावांत दिवसा शंकरपटही, म्हणजे बैलजोड्यांची शर्यतही असते, ती पाहायची तर सकाळीच पोचा. नाहीतर दुपारी झोप काढा, कारण नाटक रात्री दहा-अकराला सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं.

थंडी मात्र मनावर घ्या. जानेवारीत मध्यरात्रीनंतर ब्लँकेटवरून हात फिरवला तर तळवा दवाने ओला होतो. कानटोपी, जाड पांघरूण आणि चटई हवीच. चटईखाली अंथरायला मूठभर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मागून घ्या, जमिनीचा गारवा त्यानेच अडतो. खुर्चीचं तिकीट मिळतं, पण माझं ऐका, जमिनीचं काढा. नायिकेवर अन्याय झाला की शेजारची आजी पदराने डोळे पुसत खलनायकाला जे काही बोलते, ते ऐकायला तिच्या शेजारीच बसावं लागतं.

चहा-आलूबोंड्यासाठी सुटे पैसे ठेवा. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. समोरचा नट पावसाळ्यात धानाच्या चिखलात उभा असतो आणि हिवाळ्यात रात्रीमागून रात्री मंचावर. याच मातीतले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. अशा नटाच्या डोळ्यांवर झोत मारू नका.

आणि अर्ध्यातून उठायचा बेत करून तर येऊच नका. ब्रह्मपुरी-वडसा भागातल्या जंगलात वाघ आहेत, गडचिरोलीत 2021पासून रानटी हत्तीही फिरतात. रात्री दुचाकीवर एकट्याने तो रस्ता धरायचा नाही, मग टॉर्च कितीही मोठा असो. पडदा पडला तरी शेकोटीपाशी थांबा, चांगलं उजाडू द्या, आणि गावची माणसं निघतील त्यांच्यासोबतच निघा.