हिरड्या सुजून रक्त येत असेल तर घरी काय करावं?

सकाळी चूळ भरली आणि बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसला, की बहुतेक जण त्या बाजूला ब्रश लावणंच सोडून देतात. आमच्या मावशीनंही तेच केलं. "रगात येतंय, म्हणून तिकडं हातच लावत न्हाई बघ," म्हणाली. तिकडचीच हिरडी जास्त फुगली होती.

हिरडी दाताला जिथं टेकते तिथं बारीक फट असते. त्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो. नखानं खरवडलं तर पांढरट, पिठूळ असं काही निघतं, तोच हा थर. तो रोज निघाला नाही तर हिरडी लाल होते, मऊ पडते, सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. म्हणजे रक्त येतं तिथंच ब्रश नीट पोचलेला नसतो. पुढे लाळेतले क्षार साचून हा थर कडक होतो. ते किटण. ब्रश कितीही घासला तरी ते निघत नाही.

आधी उजेडात आरसा धरून हिरड्या बघा. निरोगी हिरडी घट्ट असते, तिची कड दाताला चिकटलेली असते. सावळ्या माणसाच्या हिरडीवर काळसर पट्टे असतात, त्यांची काळजी नको.

मग मऊ ब्रश घ्या. तो हिरडीच्या कडेवर तिरका, साधारण 45 अंशांत टेकवा आणि जागच्या जागी हलके गोल फिरवा. जोर नको. दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, आणि रात्रीचा ब्रश चुकवू नका. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास राहून जाते. जिभेखालून लाळ तिथंच येते, त्यामुळे किटणही तिथं लवकर धरतं.

रविवारी तांबड्या-पांढऱ्यासोबत मटण झालं की दातांच्या फटीत धागा अडकतोच. सेफ्टी पिन, टाचणी, काडी घालून कोरू नका, हिरडीला जखम होते. फ्लॉस म्हणजे फटीत घालायचा बारीक दोरा, किंवा फटीत जाणारा छोटा ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, तो वापरा.

ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या केल्या की आराम पडतो. थर मात्र त्यानं निघत नाही.

आता मिश्रीबद्दल, कारण कोल्हापुरात, खेड्यांत तर जास्तच, अजून घरोघरी डबी सापडते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आतून हिरडी बिघडत असली तरी रक्त कमी दिसू शकतं आणि बायकांना वाटतं, मिश्रीनं दात घट्ट राहतात. याच तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो. आईची, आजीची डबी बंद करायला थोडं भांडावं लागलं तरी भांडा.

असं नेटानं केलं तर एक-दोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं, किंवा पू, दुर्गंधी, हलणारा दात असं काही दिसलं, तर दातांच्या डॉक्टरांकडून किटण काढून घ्या. "साफ केलं की दात ढिले होतात" ही भीती मावशीलाही होती. खरं तर किटणामुळे हिरडी आणि खालचं हाड आधीच खचलेलं असतं. दातांना धरून बसलेलं किटण गेलं की ती आधीची झीज जाणवायला लागते, एवढंच. साफ केल्यावर मावशीची जीभ दिवसभर त्या मोकळ्या दातांमागं फिरत होती.

गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, मधुमेहात आजार वाढतो. बीपीची अॅम्लोडिपिन किंवा फिट्सची फेनिटॉइन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या वाढतात, अॅस्पिरिननं रक्त जास्त येतं. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. आणि ताप असताना हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळे-लाल डाग उठले किंवा रक्त थांबेचना, तर ब्रशचा विचार सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. डेंग्यूतही असं होतं.