फर कंपनीतल्या क्लार्कचं आयुष्य आणि कुटुंब कसं शोधायचं

कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे या जुन्या ब्रिटिश कंपनीचा क्लार्क शोधत असाल तर सुरुवात कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या कंपनीच्या अर्काइव्हपासूनच (जुन्या कागदपत्रांच्या संग्रहापासून) करा, तिथल्या बायोग्राफिकल शीट्स ऑनलाइन फुकट बघता येतात आणि कोण कुठल्या व्यापारी ठाण्यावर कुठल्या वर्षी होता ते एका पानात कळतं. एक लक्षात ठेवा, कंपनीचं वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपायचं, त्यामुळे '१८३०-३१' हे एकच वर्ष धरा. १८२१च्या आधी सापडला नाही तर तो नॉर्थ वेस्ट या प्रतिस्पर्धी फर कंपनीत असू शकतो, त्या वर्षी दोन्ही एक झाल्या.

मग ठाण्याची रोजनिशी वाचा. हवा कशी, बोटी कधी आल्या, कोण आजारी, सगळं त्यात असतं, ती बरेचदा क्लार्कच लिहायचा आणि ते अक्षर बघताना खरंच गलबलून येतं.

बायकोचा शोध मात्र अवघड, कारण बऱ्याच जणांची लग्नं क्री (तिथले एक मूलनिवासी लोक) किंवा मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय असा मिश्र वंश असलेले लोक) बायकांशी, तिथल्या रितीने, चर्चच्या नोंदीशिवाय झालेली. नुसतं 'त्याची बायको' एवढंच लिहिलेलं असतं हो, नावच नाही! अशा वेळी मुलांकडून मागे या: बाप्तिस्म्याच्या नोंदी, रेड रिव्हरची (आताच्या विनिपेगजवळची वसाहत) जनगणना, मृत्युपत्र, आणि १८७० नंतरचे मेटी स्क्रिपचे (मेटींना सरकारने दिलेल्या जमिनीच्या किंवा पैशाच्या हक्कपत्राचे) अर्ज, त्यात आईवडिलांची नावं मिळतात.